खांद्याचे दुखणे आणि फुफ्फुसाच्या शेंड्यातला कर्करोग : उपचारांचा क्रम का महत्त्वाचा?

वाचकांच्या पत्रांमधून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. तपशील बदलतात, गाभा तोच असतो. घरातल्या कर्त्या माणसाचा खांदा कित्येक महिने दुखत होता. मानेच्या मणक्याचा एमआरआय झाला, शेक झाले, फिजिओथेरपी झाली. मग एक्स-रेमध्ये फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला डाग दिसला आणि टीबीची शंका निघाली. शेवटी सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर ‘पॅनकोस्ट ट्यूमर’ किंवा ‘सुपीरियर सल्कस ट्यूमर’ असे शब्द आले. आता एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लगेच नको, आधी केमो आणि रेडिएशन. नातेवाईक म्हणतात गाठ दिसते आहे तर काढून का टाकत नाहीत? ही शेवटची स्टेज आहे का? माणूस किती जगेल?

या लेखाचे म्हणणे एकच आहे. फुफ्फुसाच्या शेंड्यातल्या कर्करोगात कोणता उपचार घेतला याइतकेच तो कोणत्या क्रमाने घेतला हे निर्णायक ठरते. आधी बायोप्सी, मग आजाराच्या पसरण्याची पूर्ण तपासणी, मग केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र, आणि त्यानंतर, शक्य असेल तर, शस्त्रक्रिया. यातली एक पायरी चुकली तर पुढचा दरवाजा बंद होऊ शकतो, आणि तो नंतर उघडणे फार कठीण असते.

दुखणे खांद्यात, मूळ छातीत

फुफ्फुसाचे वरचे टोक पहिल्या बरगडीच्याही थोडे वर, गळपट्टीच्या हाडामागे असते. तिथे जागा अगदी अरुंद. हाताला जाणाऱ्या नसांचा खालचा पदर, हाताची मुख्य रक्तवाहिनी, पाठीचा मणका आणि डोळ्याच्या बाहुलीवर नियंत्रण ठेवणारी बारीक नस, हे सगळे तिथे दाटीने असते. त्यामुळे या ठिकाणची गाठ श्वासनलिकेपर्यंत जाण्याआधी नसांना आणि हाडांना भिडते. खोकला नाही, धाप नाही, थुंकीतून रक्त नाही. मग फुफ्फुसाकडे लक्ष जाणार कसे? चाळिशीनंतर मानेचा एमआरआय केला तर बहुतेकांच्या मणक्यात थोडीफार झीज दिसतेच. ती दिसली की खांदादुखीचे कारण सापडले असे वाटते आणि शोध तिथेच थांबतो.

वाघोलीसारख्या ठिकाणी हा धोका दुहेरी आहे. २०२१ साली पुणे महापालिकेत आलेल्या या भागाला दगडखाणी आणि खडी क्रशरचा जुना इतिहास आहे. खाणीत घण मारणाऱ्या, ड्रिल धरणाऱ्या माणसाचा खांदा दुखला तर ते कामाचे दुखणे म्हणून सोडून दिले जाते. नगर रस्त्यावरच्या कंपनीत किंवा खराडीच्या आयटी पार्कात संगणकावर बसणाऱ्याचे दुखणे बसण्याच्या पद्धतीवर ढकलले जाते. शिवाय दगडाच्या धुळीतली स्फटिकरूप सिलिका हे स्वतःच कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला १९९७ सालीच पहिल्या गटात टाकले. त्यात बिडी-सिगारेटची भर पडली की धोका आणखी वाढतो.

खांदादुखीच्या बहुसंख्य रुग्णांना कर्करोग नसतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. फुफ्फुसाच्या सगळ्या कर्करोगांतही शेंड्यातल्या गाठींचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आहे. म्हणून प्रत्येकाने धावत जाऊन सीटी करण्याची गरज नाही. पण पुढीलपैकी काही असेल तर छातीच्या सीटी स्कॅनचा विषय डॉक्टरांकडे तुम्हीच काढा:

- दुखणे खांद्यातून किंवा पाठीच्या फऱ्यातून निघून दंडाच्या आतल्या बाजूने करंगळी आणि अनामिकेपर्यंत जाते, आणि रात्री झोपू देत नाही.
- पंजाची पकड सैल झाली आहे. शर्टाचे बटण लावणे, किल्ली फिरवणे जड जाते. अंगठ्याजवळचा मांसल भाग ओसरला आहे.
- त्याच बाजूची पापणी अर्धवट खाली आली आहे, बाहुली लहान दिसते, अर्ध्या चेहऱ्याला घाम येत नाही.
- चार-सहा आठवड्यांच्या उपचारांनंतरही दुखणे वाढतेच आहे, आणि रुग्ण धूम्रपान करतो किंवा धुळीत काम करत आला आहे.

साधा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. शेंड्यावर गळपट्टीच्या हाडाची आणि पहिल्या बरगडीची सावली पडते आणि लहान गाठ तिच्यामागे लपते.

टीबीची औषधे सुरू करण्याआधी

फुफ्फुसाच्या वरच्या भागातला डाग म्हणजे टीबी, हा आपल्याकडचा अंदाज निराधार नाही. टीबी तिथेच वस्ती करतो, आपल्या देशात तो भरपूर आहे, आणि सिलिकाच्या धुळीने खराब झालेल्या फुफ्फुसात तो आणखी सहज होतो. तेव्हा टीबीची शंका घेणारा डॉक्टर चुकतो असे म्हणता येणार नाही. पण शंका घेणे वेगळे आणि पुरावा नसताना सहा महिन्यांची औषधे सुरू करणे वेगळे. तुमचा प्रश्न सरळ असावा: थुंकीत जंतू सापडले का? सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते. ती निगेटिव्ह असेल, आणि डागाबरोबर खांद्याचे-हाताचे वर सांगितलेले दुखणे असेल, तर ‘दोन महिने औषध घेऊन बघू’ हा मार्ग स्वीकारू नका. त्या दोन महिन्यांत गाठ मणक्यापर्यंत गेली तर शस्त्रक्रियेची संधी हातची जाते. दोन्ही आजार एकाच वेळी असणेही शक्य आहे. म्हणून थुंकीत टीबी सापडला तरी गाठ औषधांनी आकसत नसेल किंवा हाड खात असेल, तर बायोप्सी टाळू नका.

बायोप्सी : सुई लावली की पसरतो का?

ही भीती इतकी खोल आहे की काही कुटुंबे बायोप्सीला नकार देऊन आठवडेच्या आठवडे घालवतात. सुईच्या वाटेत पेशी सांडण्याची शक्यता शून्य नाही, पण ती अत्यंत कमी आहे. बायोप्सी न करण्याची किंमत मात्र निश्चित मोजावी लागते, कारण कर्करोगाचा प्रकार कळल्याशिवाय कोणताही जबाबदार डॉक्टर केमो किंवा रेडिएशन देऊ शकत नाही. शेंड्यातली प्रत्येक गाठ फुफ्फुसाचाच कर्करोग असते असेही नाही. लिम्फोमा, मायलोमा, दुसऱ्या अवयवातून आलेला कर्करोग, बुरशीचा संसर्ग, टीबी हे सगळे त्या जागी तसेच दिसू शकतात आणि प्रत्येकाचा उपचार निराळा आहे.

ही गाठ फुफ्फुसाच्या कडेला असल्याने तोंडावाटे दुर्बीण घालून तिथे पोहोचणे बहुधा जमत नाही. सीटी स्कॅनवर बघत बाहेरून सुई घालून तुकडा घेणे हाच सहसा खात्रीचा मार्ग असतो. छातीच्या पोकळीत हवा भरण्याचा थोडा धोका असतो, म्हणून नंतर काही तास रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात. जाण्याआधी एक गोष्ट आवर्जून विचारा: तुकडा जनुकीय तपासण्यांना पुरेल इतका घेणार ना? ईजीएफआर, एएलके, आरओएस१ आणि पीडी-एल१ या तपासण्यांवर पुढचा मोठा निर्णय अवलंबून असतो. तुकडा अपुरा निघाला तर सगळे पुन्हा करावे लागते. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि काचा जपून ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात गेलात तर पहिली मागणी त्यांचीच होते.

स्टेज ठरेपर्यंत उपचार सुरू करू नका

रिपोर्टमध्ये ‘छातीच्या भिंतीत शिरलेली गाठ’ असे वाचून अनेकांना वाटते की आजार चौथ्या स्टेजला गेला. तसे नाही. शेंड्यातली गाठ बरगडीला भिडली तरी, लसिका ग्रंथींमध्ये आजार नसेल तर, ती साधारण दुसऱ्या स्टेजच्या शेवटच्या टप्प्यात मोडते. मणका किंवा मोठी रक्तवाहिनी धरली असेल तर तिसऱ्या. चौथी स्टेज म्हणजे आजार मेंदू, यकृत, हाडे, दुसरे फुफ्फुस अशा दूरच्या ठिकाणी गेलेला असणे. या दोन परिस्थितींतल्या उपचारांचा हेतूच वेगळा असतो. पहिलीत आजार मुळासकट घालवण्याचा प्रयत्न होतो, दुसरीत तो काबूत ठेवण्याचा.

म्हणून पेट-सीटी, मेंदूचा एमआरआय आणि खांद्याच्या नसांचा व मणक्याचा एमआरआय, हे तिन्ही पहिल्या केमोच्या आधी व्हायला हवेत. मेंदूचा एमआरआय पैसे वाचवण्यासाठी गाळला जातो. तो गाळू नका. हा कर्करोग मेंदूत जाण्याची प्रवृत्ती दाखवतो.

आणखी एक बारकावा आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे. पेट-सीटीमध्ये छातीच्या मधल्या भागातल्या ग्रंथी उजळल्या तर आजार तिथवर पोहोचला असे मानले जाते आणि शस्त्रक्रिया बहुधा नाकारली जाते. पण जुना टीबी आणि दगडाची धूळ यांनीही या ग्रंथी तशाच उजळतात. खाणीत किंवा क्रशरवर वर्षे काढलेल्या माणसाच्या बाबतीत केवळ स्कॅनवरच्या उजेडावरून शस्त्रक्रियेचा मार्ग बंद करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. श्वासनलिकेतून अल्ट्रासाउंडची दुर्बीण घालून, म्हणजे ईबस करून, त्या ग्रंथींमधून सुईने नमुना घेता येतो. ‘ग्रंथींची तपासणी नमुना घेऊन झाली का?’ हे विचाराच, आणि रुग्णाच्या कामाचा सगळा इतिहास, किती वर्षे कोणत्या धुळीत, हे डॉक्टरांना, त्यांनी विचारले नाही तरी, सांगा.

आधी ऑपरेशन का नाही?

शेंड्याच्या अरुंद जागेत गाठीच्या चारही बाजूंना नसा, रक्तवाहिन्या आणि हाडे असतात. थेट शस्त्रक्रिया केली तर कडेला कर्करोगाच्या पेशी मागे राहण्याची शक्यता मोठी असते, आणि अर्धवट काढलेली गाठ न काढल्याहून फारशी बरी नसते. १९६१ साली अमेरिकेतल्या शॉ आणि पॉलसन यांनी आधी रेडिएशन आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम मांडला आणि पुढची काही दशके तोच चालला. त्या पद्धतीत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या आसपास राहिले. मग रेडिएशनबरोबरच केमो देऊन पाहिली गेली. अमेरिकेतल्या कर्करोग गटांनी १९९५ ते १९९९ या काळात ११० रुग्णांना सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड या औषधांच्या दोन फेऱ्या आणि त्याच वेळी ४५ ग्रे रेडिएशन दिले. गाठ वाढलेली नसेल तर तीन ते पाच आठवड्यांनी शस्त्रक्रिया केली. सगळे रुग्ण धरून ४४ टक्के, आणि गाठ पूर्ण निघालेल्यांपैकी ५४ टक्के लोक पाच वर्षांनंतर हयात होते. काढलेल्या गाठींपैकी निम्म्याहून अधिक गाठींमध्ये जिवंत पेशी एक तर उरल्याच नव्हत्या किंवा सूक्ष्मदर्शकाखाली जेमतेम दिसत होत्या. जपानमध्ये ७६ रुग्णांवर याच क्रमाने, थोड्या वेगळ्या औषधांनी केलेल्या अभ्यासात पाच वर्षांचे प्रमाण ५६ टक्के आले.

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला, दोन-अडीच महिने थांबलो आणि गाठ वाढली तर? हे दोन-अडीच महिने थांबण्याचे नसतात, उपचाराचेच असतात. केमो-रेडिएशन सुरू असताना गाठ वाढली, तर तो आजार इतका आक्रमक आहे की आधी शस्त्रक्रिया करूनही तो लवकरच दुसरीकडे उगवला असता. नुसता त्रास पदरी आला असता.

दुसरा आक्षेप अभ्यासाच्या पद्धतीचा आहे. या अभ्यासांत रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले नव्हते. तुलना जुन्या निकालांशी आहे. ही मर्यादा खरी आहे. इतक्या दुर्मीळ आजारात तशी मोठी चाचणी उभी राहणे अवघड आहे. पण वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या शल्यविशारदांच्या हातून एकाच क्रमाने जवळपास सारखे निकाल येतात, तेव्हा तो पुरावा निर्णय घेण्याइतका भक्कम ठरतो. आणि उलट क्रम अधिक चांगला असल्याचा तोडीस तोड पुरावा कोणी पुढे ठेवलेला नाही.

तिसरा, आपल्या माणसाला हे झेपेल का? इथे उत्तर माणसागणिक बदलते. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांवर आणि कानांवर परिणाम करते; मूत्रपिंडे कमजोर असतील तर कार्बोप्लॅटिनचा पर्याय असतो. वय सत्तरच्या पुढे आहे एवढ्यावरून नकार देऊ नये. श्वासाची क्षमता, हृदय, वजन आणि रोजची हालचाल पाहून ठरवावे. धूम्रपान त्याच दिवशी बंद व्हायला हवे, ‘आता काय फरक पडणार’ हा विचार चुकीचा आहे. बिडी सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर मदत मिळते.

अलीकडे शस्त्रक्रियेआधी केमोबरोबर इम्युनोथेरपी देण्याची पद्धत फुफ्फुसाच्या इतर कर्करोगांत रूढ होत आहे. काही केंद्रे शेंड्यातल्या गाठींसाठीही तिचा विचार करतात. तो पर्याय समोर ठेवला गेला तर रेडिएशन का गाळत आहात, हे विचारा. या जागेसाठी दीर्घ अनुभव रेडिएशनसह केमोचाच आहे.

शस्त्रक्रियेत काय जाते, काय उरते

फुफ्फुसाचा वरचा भाग, त्याला चिकटलेल्या वरच्या बरगड्या आणि काही वेळा नसेचे एक मूळ, हे सगळे एकसंध काढले जाते. छातीतले सर्वांत वरचे मूळ कापावे लागले तरी हात बहुतांशी कामाचा राहतो. त्याच्या वरचे, मानेतले आठवे मूळही गेले तर पंजाची बारीक हालचाल जाते. हा फरक शस्त्रक्रियेआधी समजून घ्या, विशेषतः रुग्णाचे पोट हातावर असेल तर. उतरलेली पापणी सहसा पूर्ववत होत नाही. खांद्याचा व्यायाम पहिल्या काही दिवसांतच सुरू करावा लागतो, नाहीतर खांदा आखडतो.

शल्यविशारदांना हे विचारायला संकोच करू नका:

- शेंड्यातल्या गाठीची शस्त्रक्रिया तुमच्याकडे किती वेळा झाली आहे?
- मणक्याचे किंवा रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद लागले तर ते टीममध्ये आहेत का?
- हा निर्णय ट्यूमर बोर्डात, म्हणजे शल्य, रेडिएशन आणि केमोच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून झाला आहे का? त्याची नोंद मिळेल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर दुसरे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकट्या तज्ज्ञाने, तो कितीही निष्णात असला तरी, एकट्याने ठरवण्याचा हा आजार नाही.

शस्त्रक्रियेनंतरही उपचार उरतो. ईजीएफआर बदल सापडला असेल तर ओसिमर्टिनिबची रोजची गोळी तीन वर्षे दिली जाते. फुफ्फुसाच्या शस्त्रक्रिया झालेल्या अशा रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ८८ टक्के हयात होते, न घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के.

शस्त्रक्रिया शक्य नसेल तर

मधल्या ग्रंथींमध्ये आजार सिद्ध झाला असेल, नसांचे वरचे पदर किंवा मणक्याचा मोठा भाग गुंतला असेल, किंवा शरीर शस्त्रक्रिया सोसणारे नसेल, तर पूर्ण मात्रेचे रेडिएशन, साधारण ६० ग्रे, सहा आठवड्यांत केमोसह दिले जाते. यातही बरे होण्याचाच हेतू असतो. त्यानंतर आजार स्थिर असेल तर ड्युर्वालुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध वर्षभर देता येते. तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांच्या मोठ्या चाचणीत त्याने पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ३३ वरून ४३ टक्क्यांच्या जवळ नेले. मात्र ईजीएफआर किंवा एएलके बदल असलेल्यांना या औषधाचा फायदा फारसा दिसत नाही. जनुकीय रिपोर्ट हाती नसताना ते सुरू करण्याची घाई करू नका.

आजार चौथ्या स्टेजचा असेल तर जनुकीय तपासणीचे मोल आणखी वाढते. भारतातल्या ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या फुफ्फुस कर्करोगाच्या रुग्णांपैकी पाव ते एक तृतीयांश जणांमध्ये ईजीएफआर बदल सापडतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने अशा ३५० रुग्णांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेफिटिनिबच्या गोळीबरोबर केमो दिल्यावर आजार काबूत राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. जेफिटिनिबची जेनेरिक गोळी नव्या औषधांच्या तुलनेत खूप स्वस्त आहे, म्हणून हा आपल्या मातीतला पुरावा सर्वसामान्य कुटुंबासाठी मोलाचा आहे.

आकडे कसे वाचावेत

‘पाच वर्षांचे प्रमाण ५० टक्के’ याचा अर्थ रुग्णाकडे पाच वर्षे उरली असा नाही. शंभरातले पन्नास जण पाच वर्षांनंतरही जिवंत होते, आणि त्यांतले अनेक पुढेही जगले, एवढाच त्याचा अर्थ. हे आकडे केमो-रेडिएशन सोसू शकतील अशा निवडक रुग्णांचे आहेत, हेही ध्यानात ठेवा. तुमच्या माणसाचा अंदाज चार गोष्टींवरून बांधता येतो: ग्रंथींमध्ये आजार आहे की नाही, गाठ पूर्ण निघाली का, केमो-रेडिएशननंतर तिच्यात जिवंत पेशी किती उरल्या, आणि वजन किती उतरले आहे. डॉक्टरांना ‘किती दिवस?’ विचारण्याऐवजी या चार गोष्टी विचारा. उत्तर जास्त प्रामाणिक मिळेल. पुनरावृत्ती झाली तर ती छातीबाहेर, त्यातही मेंदूत होण्याची शक्यता जास्त असते. म्हणून नवी डोकेदुखी, झटका, तोल जाणे याकडे दुर्लक्ष करू नका, आणि पहिली दोन-तीन वर्षे दर सहा महिन्यांचा सीटी चुकवू नका.

कुठे जावे आणि पैसे कसे उभे करावेत

रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, सलग पाच-सहा आठवडे असते. वाघोलीहून सकाळच्या कोंडीत नगर रस्त्याने रोज ये-जा करायची तर दुखरा खांदा घेऊन बसणाऱ्या माणसाचे हाल होतात. तेव्हा रेडिएशनची वेळ दुपारची मागून घ्या, आणि मधे एकही दिवस बुडू देऊ नका. खंड पडला की उपचाराचा जोर कमी होतो. तपासण्या, केमो आणि रेडिएशन पुण्यात होऊ शकतात. शस्त्रक्रियेचा निर्णय मात्र या गाठींचा अनुभव असलेल्या केंद्राकडून तपासून घ्यावा. परळचे टाटा मेमोरियल त्यासाठी सर्वांत जवळचे मोठे सार्वजनिक केंद्र आहे. तिथे राहण्याची सोय करताना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्याकडे आधी चौकशी करा. टाटाला जायचे तर केमो सुरू होण्याआधी जा. अर्धा उपचार झाल्यावर गेलात तर तिथल्या डॉक्टरांच्या हातात मूळ चित्र राहत नाही.

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण. चौकशी १५५३८८ वर. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा आणि कोणत्या तपासण्या, कोणती औषधे बसतात ते लिहून घ्या. उपचार स्वखर्चाने सुरू करून नंतर योजनेत जाणे अवघड होते.
- परराज्यातले कामगार : गावाकडचे आयुष्मान कार्ड इथल्या संलग्न रुग्णालयात चालते. चौकशी १४५५५ वर.
- धर्मादाय रुग्णालये : १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आधीच काढा. नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि पुण्याच्या धर्मादाय सहआयुक्तांकडे तक्रार करा.
- ईएसआय : सणसवाडी, रांजणगाव पट्ट्यातल्या विमाधारक कामगारांना कर्करोगासाठी वाढीव आजारपण लाभ मिळतो. सेवेची अट पूर्ण असेल तर वेतनाच्या ८० टक्के दराने तो दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. राजीनामा देण्याची घाई कोणी करायला लावत असेल तर सही करू नका.
- रेल्वे : उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टिअर एसीमध्ये पूर्ण सवलत, सोबत्याला ७५ टक्के.

महाग औषधांपैकी ओसिमर्टिनिब आणि ड्युर्वालुमॅब यांवरचे सीमाशुल्क २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ झाले आणि त्याच वर्षी जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. छापील किमतीवर थांबू नका. कंपन्यांच्या रुग्णसाहाय्य योजनेबद्दल रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना विचारा.

तुमचे हक्क

मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. स्कॅनची सीडी, बायोप्सीचा ब्लॉक, रेडिएशनच्या मात्रेचा तपशील हे सगळे मागून घ्या. रेडिएशनचा तपशील नसेल तर पुढे त्याच भागाला पुन्हा रेडिएशन द्यायचे की नाही हे ठरवता येत नाही. दुसरे मत घेणे हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी पहिल्या डॉक्टरांची परवानगी लागत नाही. औषधे रुग्णालयाच्याच दुकानातून घेण्याची सक्ती करता येत नाही. आणि आजाराचे सत्य जाणून घेण्याचा पहिला हक्क रुग्णाचा आहे. हात अधू होऊ शकणाऱ्या शस्त्रक्रियेला संमती त्याने द्यायची असते. त्याच्यापासून आजार लपवून ती घेता येत नाही.

दुखणे आजच थांबवा

नसेचे दुखणे साध्या पेनकिलरला दाद देत नाही. प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधे आणि मॉर्फिनच्या गोळ्या यांची जोड लागते. मॉर्फिन म्हणजे शेवट आला, किंवा त्याची चटक लागेल, ही समजूत कुटुंबांना विनाकारण यातनांत ठेवते. डॉक्टरांच्या मात्रेत, कर्करोगाच्या दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनची चटक क्वचितच लागते. त्याने बद्धकोष्ठ मात्र होते, म्हणून सोबत रेचक हवेच. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर ते मिळवणे कागदोपत्री सोपे झाले आहे. वारजे इथले सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांना मोफत सेवा देते. तिथे जाण्यासाठी उपचार संपायची वाट पाहू नका. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पसरलेल्या फुफ्फुस कर्करोगाच्या ज्या रुग्णांना सुरुवातीपासून ही काळजी मिळाली ते जास्त बरे राहिलेच, शिवाय सरासरी जास्त जगले.

पुढील लक्षणांसाठी दुसऱ्या दिवसाच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा:

- पायांत अचानक अशक्तपणा, पावले बधिर होणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे. गाठ मज्जारज्जूवर दाबत असेल तर काही तासांतच पाय कायमचे जाऊ शकतात.
- केमो सुरू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप. घरी क्रोसिन देऊन ताप दाबू नका.
- चेहरा आणि मान सुजणे, गळ्यावरच्या शिरा फुगणे, आडवे होताच श्वास कोंडणे.